मार कुणाचा, ते फोटोत दिसत नाही

आमच्या दवाखान्यात तिला सगळे फोटोबाई म्हणायचे. एक्स-रे काढायला आलेली माणसं "फोटो कुठे काढतात?" असं विचारत यायची, त्यावरून हे नाव पडलं आणि सव्वीस वर्षांत इतकं चिकटलं, की नवीन आलेले डॉक्टरसुद्धा "जा, फोटोबाईंकडे जाऊन या" असंच सांगायचे. मी बाहेर खिडकीशी बसून पेशंटचं नाव, वय आणि काय झालं ते लिहून घ्यायचे. जड दाराच्या आत ती. मी लिहून घेतलेलं 'काय झालं' तिने एकदाही जसंच्या तसं खरं धरलं नाही.

"पायरीवरून पडला म्हणतोय," मी सांगायचे.

"बघू."

मग पडद्यावर हाड उमटलं की ती मान तिरकी करून बघायची. "पायरीवरून पडलेला नाही हा. ह्याने कशाला तरी लाथ घातलीय." आणि पेशंटला दोन साधे प्रश्न विचारले की लाथच निघायची. संशय हा तिचा मूळ स्वभाव होता, की ह्या कामाने लावलेली सवय, ते मला सांगता येणार नाही. बस वेळेवर आली तरी ती पाटी दोनदा वाचून मगच चढायची.

मागच्या चार-पाच वर्षांत आमच्याकडे एक नवीन प्रकार वाढला होता. तेरा ते सतरा वर्षांची मुलं, उजवा हात सुजलेला, करंगळीच्या मागचं, मुठीतलं हाड मोडलेलं. कागदावर कारण काहीही असायचं: दार लागलं, चेंडू लागला, सायकल घसरली. ती फोटो बघून म्हणायची, "आणखी एक भिंतीशी भांडून आलाय." मग बरोबरच्या आईला बाजूला घेऊन एकच विचारायची, "फोन काढून घेतला होता का?" आया आधी इकडेतिकडे बघायच्या आणि मग हळूच मान हलवायच्या. फोटोबाई हे मला जेवणाच्या सुट्टीत रंगवून सांगायची. दुसऱ्यांच्या घरातली गोष्ट होती ती. आम्ही हसायचो.

तिचं स्वतःचं म्हणावं असं घर म्हणजे तिची धाकटी बहीण. आई-वडील लवकर गेले. हिने लग्न केलं नाही, बहिणीला शिकवलं, तिचं लग्न लावून दिलं. बहीण एका ग्रंथालयात काम करायची. तिचा नवरा चष्म्याच्या दुकानात मागच्या खोलीत बसून भिंगं घासायचा. दिवसभरात दहा वाक्यं बोलला तर डोक्यावरून पाणी, असा माणूस. फोटोबाई त्याला जावई म्हणायची, पण तिचा त्याच्यावर कधीच जीव बसला नव्हता. "जो माणूस भांडत नाही, तो राग ठेवतो कुठे?" असं ती मला विचारायची. त्या दोघांना एक मुलगी. लहानपणी अखंड बडबड करायची म्हणून तिला मिठू म्हणत. आता पंधरा वर्षांची होती.

गुरुवार फोटोबाईच्या सुट्टीचा दिवस. त्या गुरुवारी मात्र एक्स-रे काढणाऱ्या दुसऱ्या बाईला लग्नाला जायचं होतं, म्हणून फोटोबाई तिच्या बदली आली होती. सकाळी अकराच्या सुमाराला माझ्या खिडकीशी तिची बहीण उभी. डावा हात रुमालाने गळ्यात बांधलेला, चेहरा पांढरा पडलेला.

"बाथरूममध्ये घसरले," ती म्हणाली. मी लिहून घेतलं. "दुसऱ्या बाई आहेत ना आज आत?"

मी काही बोलायच्या आत दार उघडलं आणि फोटोबाई बाहेर आली. बहीण तिला बघून इतकी दचकली, की दुखरा हात तिने दुसऱ्या हाताने झाकला. ते आम्ही दोघींनीही बघितलं.

आत नेऊन तिने हात प्लेटवर ठेवायला लावला, एकदा सरळ, एकदा आडवा. काचेमागे जाऊन बटण दाबलं. कोपर ते मनगट ह्यामध्ये दोन हाडं असतात. करंगळीच्या बाजूचं तेवढं एकच हाड बरोबर मध्यावर मोडलं होतं. घसरून पडणारा माणूस तळहात टेकतो, त्याचं मनगट जातं. हे हाड असं एकटं मोडतं ते बहुतेक वेळा हात तोंडासमोर आडवा धरलेला असताना, वरून काहीतरी जड येऊन आदळलं तर. फोटोबाईने असे शेकड्यांनी फोटो काढले होते. त्यातल्या बायका सगळ्या बाथरूममध्येच घसरलेल्या असायच्या.

"कशी पडलीस?"

"सांगितलं ना, घसरले."

"कुठल्या कुशीवर?"

"उजव्या."

"मग डावा हात कसा मोडला?"

फोटोबाईने पडद्यावर बोट ठेवलं. "आणि हे? अनामिकेचं हाड मोडून वाकडं जुळलंय. सहा-आठ महिन्यांपूर्वीचं आहे. हे तू मला कधी सांगितलंस?"

"ताई, तुला सगळीकडे चोरच दिसतात," बहीण म्हणाली आणि प्लास्टर घालून घ्यायला निघून गेली.

त्या दिवशी फोटोबाईने डबा उघडला नाही. "जावईच," एवढंच ती म्हणाली. "दुसरं आहे कोण त्या घरात?"

रविवारी दुपारी ती न कळवता बहिणीकडे गेली. बघायला आले म्हणाली आणि खरोखरच बघतच राहिली. बाथरूममध्ये जाऊन तिने पायाने फरशी घासून पाहिली. खरखरीत होती, तिच्यावर घसरणं अवघड. बेसिनवरचा आरसा नव्हता, त्याच्या जागी चार खिळे. फ्रिजच्या दारावर गुडघ्याच्या उंचीला पोचा. काचेचे पेले कपाटातून गायब, पाणी स्टीलच्या भांड्यातून आलं. मिठूच्या खोलीच्या दाराला आतली कडी नव्हती, ती उपटून काढल्याच्या खुणा होत्या. फळं कापायची वेळ आली तेव्हा जावयाने खिशातून किल्ली काढली, ओट्याखालचा खण उघडला, सुरी घेतली, काम झाल्यावर धुऊन परत आत ठेवून कुलूप लावलं. आणि हे सगळं बहिणीने आपण काही बघतच नाही अशा चेहऱ्याने बघितलं.

आपल्याच घरात सुरीला कुलूप. मुलीची कडीसुद्धा ह्याने काढून टाकलीय, असं फोटोबाईच्या मनात आलं.

मिठू मात्र गोड वागली. "मावशी, सरबत करू?" असं म्हणाली. फोन हातातच होता, बोलताना अंगठा चालूच होता, पण आजकाल कुणाचा नसतो? मध्येच ती आतून म्हणाली, "चार्जर कुठाय?" आवाज काही चढलेला नव्हता. तरी बहीण ताडकन उठली आणि एका हाताने उशा उलट्यापालट्या करायला लागली. त्याच वेळी जावयाने हातातली ताटली टेबलावर ठेवली होती. फोटोबाईने ताटलीचा आवाज ऐकला, बहिणीचं दचकणं पाहिलं आणि दोन्हींचा मेळ घातला. तिचा मेळ चुकला होता, हे तिला पुढे कळलं.

सोमवारी काम संपल्यावर ती थेट चष्म्याच्या दुकानात गेली. मागच्या खोलीत यंत्र फिरत होतं, पाण्याची बारीक धार भिंगावर पडत होती. जावयाने तिला पाहून यंत्र बंद केलं.

"माझ्या बहिणीचा हात कसा मोडला?"

त्याने हात पुसले. "ती काय म्हणाली?"

"ती काय म्हणाली ते मला माहीत आहे. मी तुम्हाला विचारतेय. मी फोटो काढलाय, जावई. तो पडून मोडलेला हात नाही. कुणीतरी मारलंय तिला."

त्याने हात पुसायचं फडकं यंत्रावर ठेवलं. मग म्हणाला, "ताई, तुम्हाला पोलिसांत जायचं असेल तर जा. मी नाही म्हणणार नाही."

दुसरा पुरावा कशाला हवा होता? ती घरी आली आणि बहिणीला फोन करून सांगितलं, उद्या मी येतेय, तू आणि मिठू दोघी माझ्याकडे राहायला चला. बहीण आधी नको नको म्हणाली, मग एकदम थकल्यासारखी हो म्हणाली. फोटोबाई न्यायला गेली तेव्हा जावई दारात आडवा आला. आयुष्यात पहिल्यांदा त्याने तिच्यासमोर आवाज चढवला होता.

"हिला न्या. विश्रांतीची गरज आहे तिला. मिठूला राहू द्या माझ्याजवळ."

"मुलीला तुमच्याजवळ ठेवू?" फोटोबाई म्हणाली. "बाजूला व्हा."

तो बाजूला झाला. बॅग रिक्षात ठेवताना तो तिच्या कानाशी हळू म्हणाला, "जेवताना तिला टोकू नका." तिला वाटलं, हा जाता जाताही मुलीवर हुकूम सोडतोय.

फोटोबाईचं घर दोन खोल्यांचं. तिने दोन दिवस रजा टाकली होती. पहिला दिवस ठीक गेला. मिठू भिंतीला टेकून फोनमध्ये होती, कुणाशी तरी इयरफोनवर बोलत होती, "डावीकडून ये, मी कव्हर देते" असलं काहीतरी. दुसऱ्या दिवशी दुपारी तिघी जेवायला बसल्या. मिठूच्या ताटातलं गार झालं तरी तिचं लक्ष नव्हतं. फोटोबाईने दोनदा सांगितलं. बहीण म्हणाली, "राहू दे ना, ताई." तिसऱ्यांदा तिने सांगितलं नाही, हात पुढे करून फोन उचलला. तिच्या घरात जेवताना फोन चालत नसे, पाहुण्याचाही नाही.

मिठू ओरडली नाही. तिचा चेहरा फक्त रिकामा झाला. शेजारी पाण्याची भरलेली स्टीलची बाटली होती, ती तिने मानेशी पकडली आणि उगारली. फोटोबाईचा डावा हात आपोआप तोंडासमोर आडवा आला. बाटली त्या हातावर आदळली. पुन्हा उगारली.

नंतर तिने मला सांगितलं, की मार लागायच्या आधीच तिला कळलं होतं. हात ज्या जागी आला, ती जागा तिने सव्वीस वर्षं पडद्यावर बघितली होती.

दुसरा घाव बसला नाही. बहिणीने प्लास्टरच्या हाताने मध्ये शिरून फोटोबाईच्या मुठीतून फोन सोडवला आणि मुलीच्या हातात दिला. घाई नाही, आरडाओरडा नाही. रडणाऱ्या तान्ह्या बाळाला दूध द्यावं तसं. मिठूने फोन घेतला, भिंतीकडे तोंड करून बसली आणि अंगठा चालू झाला. पण थोड्या वेळाने तिने फोन उजव्या हातातून डाव्यात घेतला.

"किती दिवस?" फोटोबाईने विचारलं.

"दीड वर्ष," बहीण म्हणाली. तिने ताटाभोवती सांडलेलं पाणी पुसायला घेतलं. "आधी वस्तू फेकायची. मग आम्ही मध्ये आलो की आम्हाला. त्यांच्या बरगड्यांवर अजून वळ आहेत. सुऱ्या त्यांनी कुलपात ठेवल्या, तिने एकदा हातात घेतली म्हणून. कडी काढली, कारण ती कोंडून घेऊन डोकं आपटायची."

"आणि जावई मला म्हणाले, पोलिसांत जा."

"ते म्हणतात, माझं नाव खराब झालं तर झालं. ती पंधरा वर्षांची आहे, तिच्या नावावर हे नको."

फोटोबाईचा हात मोडला नव्हता, निळाजांभळा झाला होता. पण तिची नजर मिठूच्या उजव्या हातावर होती. करंगळीखाली सूज चढत होती. ती जवळ जाऊन बसली, हातभर अंतर ठेवून.

"दुखतंय?"

मिठूने हात मांडीखाली सरकवला.

"फोन राहू दे तुझ्याकडे. मी घेणार नाही. पण हाताचा फोटो काढू या."

त्या दिवशी दुपारी तिघी दवाखान्यात आल्या. मी खिडकीशी होते. 'काय झालं' ह्या रकान्यात काय लिहू म्हणून मी पेन उचललं, तर फोटोबाई म्हणाली, "तीच सांगेल." मिठूने माझ्या पेनाकडे बघितलं. मग म्हणाली, "मी मावशीला मारलं." मी तसंच लिहिलं.

आत फोटोबाईने मिठूला शिशाचा जड एप्रन चढवला, हात प्लेटवर पसरायला सांगितला. एक्स-रे चालू असताना फोन बाहेर ठेवायचा असतो. तो मिठूने स्वतः काढून माझ्याकडे दिला. माझ्या टेबलावर तो सारखा थरथरत होता, जणू आत काही कोंडलंय.

नवीन मोड नव्हता, नुसता मुका मार. पण करंगळीच्या मागचं हाड जुनं मोडलेलं होतं, वाकडं जुळलेलं, वर गाठ. ह्या हाडाचा मोड फोटोबाई डोळे मिटूनही ओळखायची. तिने मिठूला काचेमागे बोलावून पडदा दाखवला.

"हे कधी?"

मिठू आपल्या हाताकडे, मग पडद्याकडे बघत राहिली. "मागच्या वर्षी."

"भिंत?"

"शाळेची. बाथरूममधली."

"कुणाला सांगितलंस?"

"कुणालाच नाही."

"किती दिवस दुखलं?"

"खूप. परीक्षा डाव्या हाताने लिहिली." आणि मग ती बोलायला लागली, लहानपणी बोलायची तशी नाही, तुटक तुटक. वर्गातल्या मुलींनी तिला त्यांच्या ग्रुपमधून काढून टाकलं होतं, तिचा कुठलासा फोटो फिरवून हसल्या होत्या. गेममध्ये मात्र पाच जणांची टीम होती, ती कॅप्टन होती. "मी गेले की चौघं मरतात, मावशी. मग ते म्हणतात, दुसरा कॅप्टन बघतो. फोन घेतला की मला श्वासच येत नाही. आणि मग काय होतं ते मला आठवत नाही."

फोटोबाईला ह्यातलं शेवटचं वाक्य खरं वाटलं नाही. तिने ते तसंच सांगितलं. "थोडं आठवतं तुला," ती म्हणाली. मिठूने मान खाली घातली आणि म्हणाली, "थोडं आठवतं."

ह्या कबुलीने सगळं सुरळीत झालं, असं मी सांगितलं तर ते खोटं होईल. आमच्याच दवाखान्यात वरच्या मजल्यावर मानसोपचाराच्या डॉक्टरीण बसतात. मिठू त्यांच्याकडे जायला लागली, दर आठवड्याला, पहिले दोन महिने शिव्या देत. डॉक्टरीणबाईंनी फोन एकदम बंद केला नाही. कधी चालू, कधी बंद ते मिठूबरोबर बसून ठरवलं, आणि हिसकावून घ्यायचा नाही हे आईवडिलांना बजावलं. मारलं तर घराबाहेरच्या एका माणसाला त्याच दिवशी सांगायचं, लपवायचं नाही, हेही ठरलं. तो बाहेरचा माणूस म्हणजे फोटोबाई.

जावयाची माफी मागायला ती त्या एक्स-रेनंतर पंधरा दिवसांनी गेली. त्याआधी तिचं धाडस झालं नाही. त्याने यंत्र बंद केलं नाही, भिंग हातात धरूनच ऐकलं.

"मी तुम्हाला काय काय समजले," ती म्हणाली. "तुम्ही एक शब्द तरी बोलायचा होता."

"तुम्ही विचारायला आलात, ताई," तो म्हणाला. "दीड वर्षात शेजारी, नातेवाईक, शाळा, कुणीच विचारलं नव्हतं. भलताच माणूस धरलात, पण विचारलंत तरी." मग त्याने भिंग उजेडात धरून बघितलं आणि पुन्हा धारेखाली घेतलं. "आणि लपवलं ते चुकलंच माझं. मी लपवलं म्हणून हिचा हात मोडेपर्यंत गेलं."

फोटोबाईचा संशय काही गेला नाही. बहीण फोनवर "सगळं ठीक आहे" म्हणाली, की ही त्या वाक्याच्या आधी किती वेळ गेला ते मोजायची. मध्येच अवेळी जाऊन धडकायची. मात्र एक फरक पडला होता. आता पडद्यावर काही विचित्र दिसलं, तर ती लगेच निकाल द्यायची नाही. "मारलंय," एवढं म्हणायची. कुणी, ते म्हणायची नाही. आणि मुठीचं हाड मोडलेलं एखादं मूल आलं की जेवणाच्या सुट्टीत आम्ही त्यावर हसत नव्हतो. ती त्या मुलालाच आधी विचारायची, किती दिवस दुखतंय.

मिठूच्या उपचारांच्या आठव्या महिन्यात एका दुपारी मी तिच्यासमोर बसून डबा खात होते. तिचा फोन वाजला. पलीकडून मिठू बोलत होती. फोनचा आवाज मोठा असल्याने मलाही ऐकू आलं.

"मावशी, मी ताट फेकलं. कुणाला लागलं नाही."

"बाबा कुठे आहेत?"

"इथेच. गोळा करताहेत. मी फोन कपाटात ठेवला होता, हा आईचा आहे. तू येशील?"

"कुणाला लागलं नाही, नक्की?"

"येऊन बघ."

फोटोबाईने अर्धा डबा तसाच बंद केला, दुसऱ्या बाईला दोन तास सांभाळ म्हणून सांगितलं आणि पायात चपला सरकवल्या. मी विचारलं, "खरं बोलत असेल ना ती?"

"माहीत नाही," ती म्हणाली. "पण फोन तिने केला." आणि रिक्षा बघायला बाहेर पडली.